कामगार-व्यवस्थापन संबंधांवरचं संशोधन: आकडे कितपत विश्वसनीय, आणि न छापलेल्या निष्कर्षांचं काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले एमबीए-एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी, पीएच.डी. करणारे प्राध्यापक, एमआयडीसीतले एचआर अधिकारी आणि युनियनचे कार्यकर्ते पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मोजमापाचे प्रश्न आहेत, नंतर प्रकाशनाचे, आणि शेवटी अडचणीचे अपवाद. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांत फरक काय? व्हायव्हाला हमखास विचारतात.

कापूस खरेदीचा काटा डोळ्यांपुढे आणा. तेच गाठोडं दहा वेळा ठेवलं आणि दहाही वेळा ४० किलो भरलं, तर काटा विश्वसनीय आहे. पण गाठोडं खरोखर ४२ किलोचं असेल तर तो सप्रमाण नाही. दर वेळी शेतकऱ्याचे दोन किलो तो सारखेच मारतो. काटा एकदा ३८ आणि एकदा ४५ दाखवत असेल, तर सप्रमाणतेचा प्रश्नच उरत नाही. आधी विश्वसनीयता, मग सप्रमाणता, हा क्रम त्यामुळेच आहे.

प्रश्नावलीच्या बाबतीत एक गोष्ट फार लोक विसरतात. विश्वसनीयता छापील प्रश्नावलीला चिकटलेली नसते. ती त्या गटाने, त्या परिस्थितीत दिलेल्या उत्तरांची असते. मुंबईच्या बँक कर्मचाऱ्यांवर प्रमाणित झालेली चाचणी जळगावच्या डाळ मिलमधल्या कामगारांवर तेवढीच विश्वसनीय ठरेल असं धरून चालू नका. अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न आपसात किती जुळतात ते सांगणारा विश्वसनीयतेचा आकडा, प्रश्न २) पुन्हा काढा आणि स्वतःचा आकडा लिहा.

पुनर्चाचणी, म्हणजे त्याच लोकांना तीच प्रश्नावली पुन्हा देणं, करायची असेल तर दोन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवा. पहिली फेरी दिवाळीच्या बोनसआधी आणि दुसरी बोनसनंतर असं करू नका. जिनिंगमध्ये हंगामाच्या सुरुवातीची आणि हंगाम संपतानाची उत्तरंही वेगळी येणारच. तिथे माणसाचं मत खरंच बदललेलं असतं, आणि तो बदल तुम्ही मोजमापाची चूक म्हणून नोंदवाल.

२. अल्फा ०.७ च्या वर आला. आता काम झालं ना?

अर्धंच झालं. क्रॉनबॅकने १९५१ साली मांडलेला अल्फा दोन गोष्टींवर चढतो: प्रश्नांचा आपसातला सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचा −१ ते १ मधला आकडा) आणि प्रश्नांची संख्या. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध अगदी क्षीण, म्हणजे ०.२० धरा. चार प्रश्न असतील तर अल्फा ०.५० येतो, दहा असतील तर ०.७१ आणि वीस असतील तर ०.८३. प्रश्न तितकेच सैल राहिले, फक्त वाढले, आणि अल्फा "उत्तम" झाला. म्हणून अल्फासोबत प्रश्नांची संख्या आणि सरासरी आंतर-प्रश्न सहसंबंधही द्या.

दुसरं, अल्फा मोठा म्हणजे प्रश्नावली एकच गोष्ट मोजते असं सिद्ध होत नाही. पगार, पर्यवेक्षक आणि कँटीन या तिन्हींवरचे प्रश्न एकत्र टाकूनही अल्फा ०.८ येऊ शकतो. त्यासाठी घटक विश्लेषण, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात जातात ते पाहणं, वेगळं करावं लागतं. आणि ०.९५ च्या वर गेला तर आनंद मानण्याआधी प्रश्न वाचून पाहा: बहुतेक वेळा एकच वाक्य शब्द बदलून पाच वेळा विचारलेलं सापडतं.

३. अल्फा ०.४८ आला. एसपीएसएस (सांख्यिकीचं सॉफ्टवेअर) सांगतं की सातवा प्रश्न काढला तर ०.७२ होईल. काढू का?

आधी थांबा आणि उलट्या प्रश्नांचं गुणांकन तपासा. कमी अल्फाचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच. "या कंपनीत तक्रार करून काही उपयोग होत नाही" हा उलटा प्रश्न. पाच बिंदूंच्या श्रेणीवर त्याचा गुण ६ मधून वजा करावा लागतो: ५ चा १, ४ चा २. ते राहून गेलं की तो प्रश्न बाकीच्यांच्या विरुद्ध ओढतो आणि सगळा अल्फा खाली आणतो. ओळखायची खूण सोपी आहे. प्रश्न-एकूण सहसंबंधाच्या (तो प्रश्न आणि बाकीच्या प्रश्नांची बेरीज यांतला) रकान्यात त्याच्यासमोर ठळक उणे आकडा दिसतो.

गुणांकन बरोबर असूनही सातवा प्रश्न बिघडलेला असेल तर तो मूळ मराठीत वाचा. "मला कामाचा कंटाळा येत नाही" याला "असहमत" म्हणायचं म्हणजे दुहेरी नकार; आठ तास उभं राहून आलेल्या माणसाकडून हा हिशेब नीट व्हावा ही अपेक्षाच चुकीची. असा प्रश्न काढायला हरकत नाही, पण काढला हे लिहा, काढण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही अल्फा द्या. त्याच माहितीवर प्रश्न काढून त्याच माहितीचा सुधारलेला अल्फा सांगणं म्हणजे आकडा थोडा फुगवणंच आहे. जमलं तर नव्या गटावर पुन्हा तपासा.

४. प्रश्नावली इंग्रजी आहे. कामगार अहिराणी बोलतात, काही पावरा आणि भिलीही. भाषांतर कसं करावं?

एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजी करायचं, दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक पाहायचा. हे सगळे करतात. खरं काम त्यानंतरचं, आणि तेच बहुतेक जण गाळतात: आठ-दहा कामगारांना एकेक प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, "दादा, यात काय विचारलंय ते तुमच्या शब्दांत सांगा." "संस्थेशी बांधिलकी" या शब्दांवर कोणी "बांधलेला, म्हणजे ठेकेदाराची उचल घेतलेला" असा अर्थ सांगितला, तर तुमचा मुख्य चलच, म्हणजे जी गोष्ट मोजायची तीच, उलटा झाला हे तिथेच कळतं.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायांना "पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत" अशी पाच घरं वाचून दाखवली की पहिलं किंवा शेवटचं घर निवडलं जातं. तिथे प्रश्न दोन पायऱ्यांत विचारा: आधी आवडतं की नाही, मग थोडं की फार. "माले हाई काम आवडस" असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न "थोडं का फार?" एवढाच. दोन पायऱ्या मिळून चार घरं होतात. "सांगता येत नाही" हे घर वेगळं ठेवा. मुलाखत घेणाऱ्या सगळ्यांनी अहिराणी वाक्य तेच वापरलं पाहिजे. म्हणून ते आधी लिहून काढा, ऐन वेळी भाषांतर करू नका.

यानंतर किमान ३० जणांवर पूर्वचाचणी घ्या. ते ३० जण मुख्य नमुन्यात धरू नका.

५. नमुना किती घ्यावा? गाईड म्हणतात शंभर पुरे.

कशासाठी, यावर आहे. "किती टक्के कामगार तक्रार निवारण समितीवर समाधानी आहेत" एवढंच सांगायचं असेल तर साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १०० जणांवरून उत्तर सुमारे १० टक्के गुणांनी इकडेतिकडे असतं, ४०० जणांवरून ५ टक्के गुणांनी. यामानेचं सूत्र, म्हणजे एकूण संख्या भागिले (१ + एकूण संख्या × चुकीच्या मर्यादेचा वर्ग), याच कामासाठी आहे. १२०० कामगार आणि ०.०५ मर्यादा धरली तर ३०० येतात. क्रेजसी-मॉर्गनच्या १९७० च्या तक्त्यात २९१.

पण बहुतेक प्रबंध टक्केवारी काढत नाहीत, संबंध शोधतात, आणि तिथे ही सूत्रं लागू पडत नाहीत. पाच टक्के सार्थकता पातळी (संबंध नसताना तो आहे असं म्हणण्याची शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (संबंध असताना तो पकडण्याची शक्यता) हवं असेल तर ०.३० चा सहसंबंध पकडायला सुमारे ८५ जण लागतात, ०.२० चा पकडायला सुमारे १९४ आणि ०.१० चा पकडायला ७८३. या क्षेत्रातले खरे संबंध बहुधा ०.१० ते ०.३० च्या दरम्यानच असतात. शिवाय ५० जणांवर ०.३० आला तर त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) ०.०२ ते ०.५३ असतो, जवळजवळ काहीही असू शकतं. २५० जणांवर तोच अंतराल ०.१८ ते ०.४१ पर्यंत आवळतो.

६. वीस युनिट्समधून प्रत्येकी वीस कामगार घेतले, एकूण ४००. मग माझा नमुना ४०० चाच ना?

नाही. एकाच मालकाच्या, एकाच सुपरवायझरच्या हाताखालचे वीस जण एकमेकांसारखी उत्तरं देतात. हे सारखेपण गटांतर्गत सहसंबंधाने मोजतात, आणि नमुना १ + (गटाचा आकार − १) × तो सहसंबंध, एवढ्या पटीने आक्रसतो. सहसंबंध ०.१० असेल तर १ + १९ × ०.१० = २.९. चारशेला २.९ ने भागलं की १३८ उरतात. चटईच्या कारखान्यांसारख्या छोट्या युनिट्सवरच्या प्रबंधांत ही चूक सर्रास दिसते, आणि तिच्यामुळे नसलेले संबंध "सार्थ" ठरतात. उपाय: बहुस्तरीय विश्लेषण (कामगार आणि युनिट हे दोन्ही स्तर धरणारं) करा, किंवा युनिट जास्त आणि प्रत्येकातली माणसं कमी घ्या. चाळीस युनिट्समधून दहा-दहा घेतले असते तर तेच चारशे २११ च्या बरोबरीचे ठरले असते.

७. फॉर्म एचआर विभागातूनच वाटले. सगळ्यांनी सगळीकडे "सहमत" लावलं. आता?

ती माहिती व्यवस्थापनाबद्दलच्या मताची नाही, व्यवस्थापनाच्या भीतीची आहे. कितीही सांख्यिकी वापरली तरी त्यातून मत बाहेर निघणार नाही. दुर्दैवाने अशा माहितीचा अल्फा फार सुंदर येऊ शकतो, कारण सगळे प्रश्न एकाच सुरात भरलेले असतात.

पुन्हा गोळा करता येत असेल तर: फॉर्मवर नाव, टोकन नंबर, खातं काही नको. फॉर्म गेटबाहेर, शिफ्ट सुटल्यावर द्या. मुकादम किंवा ठेकेदार दहा फुटांत नको. बंद पेटी ठेवा, आणि ती कामगारांसमोरच कंपनीबाहेर न्या. तिसरी शिफ्ट सोडू नका. एक-दोन उलटे प्रश्न (प्रश्न ३) मुद्दाम साध्या शब्दांत ठेवा. ज्याने उलट आणि सुलट दोन्हींना "पूर्ण सहमत" लावलं, त्याचा फॉर्म वेगळा काढता येतो. मात्र असे किती फॉर्म काढले ते लिहायचंच, आणि काढायचा नियम माहिती पाहण्याआधी ठरलेला हवा.

८. पी व्हॅल्यू ०.०३ म्हणजे माझं गृहीतक ९७ टक्के खरं का?

नाही. प्रत्यक्षात काहीच संबंध नसता, तर योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा संबंध दिसण्याची शक्यता ३ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. गृहीतक खरं असण्याची शक्यता त्यात नाही, आणि संबंध किती मोठा आहे हेही त्यात नाही. वीस स्वतंत्र चाचण्या केल्या आणि कशातच काही नसलं, तरी निदान एक "सार्थ" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. वय, शिक्षण, जात, शिफ्ट, अनुभव अशा प्रत्येकाशी प्रत्येक उपचाचणी जोडून चाळीस कोष्टकं करणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

९. समाधान आणि कामगिरी दोन्ही कामगारालाच विचारली आणि सहसंबंध ०.६५ आला. इतका चांगला निकाल खोटा कसा असेल?

एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच श्रेणीवर दोन्ही उत्तरं दिली की त्याचा त्या दिवसाचा मूड दोन्हींत उतरतो. याला समान-पद्धतीचा दोष म्हणतात. तुलना करायची तर १९८५ साली इयाफाल्डानो आणि मुचिन्स्की यांना समाधान-कामगिरीचा सरासरी सहसंबंध ०.१७ मिळाला. २००१ साली जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, एकूण ५४,४१७ लोक, एकत्र करून मोजमापाच्या चुकांची दुरुस्ती केल्यावर ०.३० काढला. ०.६५ त्याच्या दुपटीहून जास्त आहे. अशा वेळी आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी.

हार्मनची एक-घटक चाचणी (सगळे प्रश्न एकाच घटकात जातात का ते पाहणारी) करून "दोष नाही" असं लिहिण्याची पद्धत पडली आहे. ती चाचणी इतकी ढिली आहे की तिच्या आधारे काहीच नाकारता येत नाही. खरा उपाय म्हणजे कामगिरी दुसरीकडून घेणं: उत्पादनाची नोंदवही, हजेरीपट, सुपरवायझरचं गुणांकन.

उलट बाजूही लक्षात ठेवा. अविश्वसनीय मोजमाप संबंध लपवतं. खरा सहसंबंध ०.४० असेल आणि दोन प्रश्नावल्यांची विश्वसनीयता ०.६० आणि ०.७० असेल, तर हाती येतो तो ०.४० × √(०.६० × ०.७०), म्हणजे ०.२६. स्पिअरमनने १९०४ सालीच हे दाखवलं होतं. दुरुस्त केलेला आकडा द्यायचा असेल तर कच्चा आकडाही शेजारी द्या.

१०. प्रकाशन-पूर्वग्रह म्हणजे नेमकं काय? थोडक्यात नको, उदाहरणासह सांगा.

समजा पर्यवेक्षकाची वागणूक आणि गैरहजेरी यांतला खरा सहसंबंध ०.१० आहे. शंभर संशोधक शंभर ठिकाणी, प्रत्येकी ६० कामगार घेऊन अभ्यास करतात. ६० जणांवर पाच टक्के पातळीला सार्थ ठरायला सहसंबंध निदान ०.२५ लागतो. शंभरांपैकी साधारण अकरा-बारा जणांना योगायोगाच्या मदतीने तो मिळेल. नियतकालिकं फक्त सार्थ निकाल छापत असतील तर वाचकाला ते अकरा-बाराच दिसतील, आणि त्यातला प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा निदान अडीचपट मोठा असेल. कोणीही खोटं लिहिलेलं नाही. तरीही छापलेलं सगळं मिळून चुकीचं आहे.

उरलेले निकाल कपाटात जातात. रोझेनथालने १९७९ साली या प्रकाराला "फाईल ड्रॉवर" असं नाव दिलं. त्याच्या वीस वर्षं आधी, १९५९ मध्ये, स्टर्लिंगने मानसशास्त्राची चार नियतकालिकं तपासली होती. सार्थकता चाचणी वापरणाऱ्या लेखांपैकी सुमारे ९७ टक्के लेखांत शून्य परिकल्पना, म्हणजे काहीच संबंध नाही हे गृहीतक, नाकारलेली होती. प्रश्न ५ मधलं सामर्थ्य आठवा: इतक्या छोट्या नमुन्यांवर ९७ टक्के यश प्रामाणिक मार्गाने येऊच शकत नाही.

११. म्हणजे दोष संपादकांचा. आमचा काय संबंध?

संपादकांपर्यंत जाण्याआधीच गाळणी लागलेली असते. ओ'बॉइल, बँक्स आणि गोन्झालेझ-म्यूले यांनी व्यवस्थापनशास्त्रातले पीएच.डी. प्रबंध आणि त्यांच्यातूनच पुढे छापलेले शोधनिबंध शेजारी ठेवून पाहिले. प्रबंधात टिकलेल्या आणि न टिकलेल्या गृहीतकांचं प्रमाण ०.८२ ला १ होतं. लेखात ते १.९४ ला १ झालं. वाटेत न टिकलेली गृहीतकं गळली, नवी आली, कधी माहितीच बदलली. अळीचं फुलपाखरू होतं तसं, म्हणून त्यांनी याला कोशाची उपमा दिली.

गाळण्याच्या पद्धती साध्या दिसतात. सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन यांनी २०११ मध्ये फक्त चार सवलती घेतल्या: दोन परिणामांपैकी जमेल तो निवडणं, निकाल पाहून आणखी माणसं घेणं, लिंग हा चल घालून-काढून पाहणं, नको तो गट वगळणं. पाच टक्क्यांची चुकीच्या निकालाची शक्यता ६१ टक्क्यांवर गेली. आणि निकाल पाहिल्यावर गृहीतक लिहून ते आधीपासून होतं असं दाखवणं, याला केरने १९९८ मध्ये "हार्किंग" असं नाव दिलं.

आपल्याकडे यावर उपाय हाताशीच आहे. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, प्रश्नावलीचं नाव, प्रश्नसंख्या, नमुना, वगळण्याचे नियम आणि प्रत्येक गृहीतकासाठीची नेमकी चाचणी लिहा. मंजूर झालेला तो सिनॉप्सिस तारखेसकट प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडा. ज्यांना जगासमोर नोंद हवी त्यांनी संशोधनाची आगाऊ नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर, म्हणजे ओपन सायन्स फ्रेमवर्कवर किंवा अ‍ॅजप्रेडिक्टेडवर माहिती गोळा करण्याआधी ती करावी. नोंद फुकट आहे.

१२. हे सगळं मानसशास्त्राचं झालं. कामगार कायदे, वेतन यांवरच्या संशोधनातही असं आढळलंय का?

हो, आणि तिथे त्याचे परिणाम थेट माणसांच्या मजुरीवर होतात. किमान वेतन वाढवलं की रोजगार घटतो, असं सांगणारे अमेरिकी कालमालिका (वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरचे) अभ्यास कार्ड आणि क्रूगर यांनी १९९५ मध्ये तपासले. खरा परिणाम असेल तर वर्षं वाढत जातील तसा टी-आकडा (परिणाम भागिले त्यातली अनिश्चितता; सुमारे दोनच्या वर गेला की सार्थ) वाढला पाहिजे. तो वाढलेला नव्हता. सार्थकतेच्या उंबरठ्याजवळ, दोनच्या आसपास रेंगाळत होता. पुढे २००९ मध्ये डुकुलिआगोस आणि स्टॅन्ली यांनी ६४ अमेरिकी अभ्यास घेतले, आणि निवडून छापण्याचा परिणाम वजा केल्यावर रोजगार घटण्याचा फारसा पुरावा उरला नाही.

भारतातलं उदाहरण मोजमापाचं आहे. बेस्ली आणि बर्जेस यांनी २००४ मध्ये १६ राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्यांना +१, ० किंवा −१ असे गुण दिले, १९५८ ते १९९२ पर्यंतची बेरीज केली, आणि कामगारधार्जिण्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारी मागे पडली असं मांडलं. आदित्य भट्टाचार्य यांनी २००६ मध्ये ते गुणांकनच उकलून दाखवलं. नंदुरबारला लागून असलेला गुजरात त्यात कामगारधार्जिणा ठरला होता, तो एका किरकोळ दुरुस्तीमुळे: संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला ५० रुपये दंड. धोरणाच्या चर्चेत तो निष्कर्ष वर्षानुवर्षं वापरला गेला. गुण कसे दिले हे फार थोड्यांनी उघडून पाहिलं.

१३. माझं एकही गृहीतक सिद्ध झालं नाही. प्रबंध नाकारला जाईल का? छापणार कोण?

गृहीतक सिद्ध झालं नाही म्हणून प्रबंध कमी दर्जाचा ठरत नाही. पण "संबंध आढळला नाही" एवढं लिहून थांबू नका, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टी त्या वाक्यात लपतात. ३०० कामगारांवर सहसंबंध ०.०४ आला तर विश्वास-अंतराल −०.०७ ते ०.१५ आहे, म्हणजे ०.१५ पेक्षा मोठा संबंध असण्याची शक्यता फार कमी, आणि हा ठोस निष्कर्ष झाला. ४० कामगारांवर तोच ०.०४ आला तर अंतराल −०.२७ ते ०.३५, म्हणजे काहीच कळलं नाही. पहिल्याला "संबंध नगण्य आहे" असं लिहा, दुसऱ्याला "नमुना अपुरा" असं.

छापण्याबाबत: यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, तो पाहून घ्या. प्रबंध शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) गेला की निदान कपाटात बंद होत नाही. मात्र सारांशातच सगळे निकाल, न टिकलेलेसुद्धा, सहसंबंध आणि नमुनासंख्येसह लिहा. पुढचा संशोधक बहुधा सारांशापलीकडे जात नाही.

१४. तक्रार-अर्जांचं वर्गीकरण दोघांनी केलं, ८५ टक्के जुळलं. एवढं पुरे ना?

जुळणी दुर्मीळ गोष्टीवर असेल तर नाही. शंभर अर्ज घ्या. "सुपरवायझरकडून अपमान" हा प्रकार दोघांनीही "आहे" म्हटले असे ५, दोघांनीही "नाही" म्हटले असे ८०, फक्त पहिल्याने "आहे" म्हटले असे ८ आणि फक्त दुसऱ्याने म्हटले असे ७. जुळणी ८५ टक्के. पण पहिला १३ वेळा "आहे" म्हणतो आणि दुसरा १२ वेळा. निव्वळ योगायोगानेच ०.१३ × ०.१२ + ०.८७ × ०.८८, म्हणजे ७८ टक्के जुळलं असतं. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाची जुळणी वजा करून काढलेला आकडा, (०.८५ − ०.७८१) ÷ (१ − ०.७८१), म्हणजे ०.३१ येतो. ज्या प्रकारासाठी अभ्यास केला त्यावरच दोघांचं एकमत नाही. नियम लिहून काढा, वीस अर्ज एकत्र बसून सोडवा, मग नव्या अर्जांवर कप्पा पुन्हा काढा.

१५. संप-टाळेबंदीचे सरकारी आकडे तर विश्वसनीय असतील?

केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोची आकडेवारी स्वेच्छेने आलेल्या माहितीवर उभी आहे, आणि दहापेक्षा कमी कामगारांचा काम-थांबा त्यात धरला जात नाही. आठ हमालांनी दोन दिवस गाडी भरायला नकार दिला, तर तो कुठेच दिसणार नाही. आकडा घटला म्हणजे असंतोष घटला असं लिहिण्याआधी माहिती देणाऱ्यांचं प्रमाण घटलं का ते पाहा. मनुष्यदिवसांची हानी एका मोठ्या संपाने उसळते, म्हणून संपांची संख्या आणि सहभागी कामगारही सोबत द्या.

१६. मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करताना) फनेल प्लॉट (प्रत्येक अभ्यासाचा निकाल आणि आकार दाखवणारा आलेख) तिरका आला. पूर्वग्रह सिद्ध झाला का?

तिरकेपणाची इतरही कारणं असतात. छोटे अभ्यास छोट्या युनिट्समध्ये झाले असतील आणि तिथे मालक-कामगार संबंध खरोखरच वेगळे असतील, तरी प्लॉट तिरका दिसतो. तिरकेपणा मोजणारी एगरची चाचणी (१९९७) दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर वापरू नका. तिच्यात काही पकडण्याचं बळच नसतं. न दिसणारे अभ्यास अंदाजाने भरणाऱ्या ट्रिम-अँड-फिल पद्धतीने दिलेला "दुरुस्त" आकडा अंतिम समजू नका. अभ्यास आपसात फार वेगळे असतील तर ती पद्धत चुकते. रोझेनथालची सुरक्षित संख्या (निकाल पुसायला कपाटात किती अभ्यास असावे लागतील तो आकडा) अजूनही पुष्कळ प्रबंधांत असते, पण कपाटातल्या अभ्यासांची सरासरी शून्य आहे हे ती धरून चालते, जे क्वचितच खरं असतं.

यापेक्षा जास्त उपयोगाचं काम हातांनी करायचं आहे: शोधगंगेवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी शब्दांनी न छापलेले प्रबंध शोधा आणि छापलेल्या अभ्यासांचा सरासरी सहसंबंध त्यांच्याशेजारी ठेवा. दोन आकड्यांतलं अंतर कोणत्याही आलेखापेक्षा स्पष्ट बोलतं.

१७. मूळ माहिती मिळत नाही. तरी छापलेला आकडा खरा का हे तपासता येतं?

सरासरीचा तरी येतो. लेखात २३ सुपरवायझर आहेत, एकच पाच-बिंदू प्रश्न आहे आणि सरासरी ३.४५ दिली आहे असं समजा. पूर्ण अंकांची बेरीज पूर्ण अंकच असते. ३.४५ × २३ = ७९.३५, म्हणजे बेरीज ७९ किंवा ८० असायला हवी. ७९ ÷ २३ = ३.४३ आणि ८० ÷ २३ = ३.४८. ३.४५ येऊच शकत नाही. ब्राउन आणि हेदर्स यांनी सुचवलेली ही ग्रिम चाचणी कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होते. नमुना शंभरच्या वर गेला की ती निरुपयोगी ठरते, आणि अनेक प्रश्नांची सरासरी असेल तर माणसांना प्रश्नसंख्येने गुणून मगच वापरायची.

आकडा जुळला नाही म्हणजे लबाडीच असं समजू नका. एखाद्याने तो प्रश्न सोडला असेल आणि नमुना २२ झाला असेल; ७६ ÷ २२ = ३.४५ बरोबर बसतं. लेखकाला सभ्य शब्दांत पत्र लिहा आणि त्या प्रश्नाची खरी नमुनासंख्या विचारा.

१८. कंपनीने परवानगी दिली, पण निकाल प्रतिकूल आल्यावर "छापू नका" म्हणते. काय करावं?

प्रश्न १० मधलं कपाट इथेही तयार होतं, फक्त त्याची किल्ली कंपनीकडे असते. त्यामुळे तोडगा परवानगीच्या पत्रातच असायला हवा. त्यात चार ओळी असाव्यात: कंपनीचं नाव आणि ओळखू येईल असा तपशील येणार नाही, कंपनीला मसुदा वाचायला ३० दिवस मिळतील, ती फक्त वस्तुस्थितीची चूक किंवा गोपनीय बाब दाखवू शकेल, निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, छापण्याचा हक्क संशोधकाचा राहील. पत्रावर सही माहिती गोळा करण्याआधी घ्या.

पत्रात हे नसेल आणि आता अडलं असेल, तर माहिती इतर युनिट्सच्या माहितीत मिसळून, उद्योग आणि तालुका न सांगता मांडता येते का ते मार्गदर्शकांसोबत पाहा. अमुक गावाजवळचा एकमेव वीज प्रकल्प असं वर्णन केलं तर नाव न घेताही नाव कळतं, हे ध्यानात ठेवा. ज्या कामगारांनी विश्वासाने उत्तरं दिली त्यांची ओळख आधी सांभाळायची. मिसळूनही भागत नसेल तर निदान प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात एवढी नोंद करा की एका युनिटची माहिती गोळा झाली होती, तिथे इतके कामगार होते आणि परवानगी मागे घेतल्यामुळे ती वगळली.